जुनी पोर्ट: काचेत मुरलेली की लाकडात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सासऱ्यांनी १९८६ साली पोर्तोहून आणलेली पोर्ट वाइनची बाटली घरात आहे. लेबल ओलीने गळालंय, त्यावरचा १९७७ हा आकडा तेवढा वाचता येतो. बाटली इतकी वर्षं कपाटात उभीच होती. आता ती उघडायची आहे. पिण्यासारखी राहिली असेल का, उघडायची कशी, आणि प्यायल्यावर ती चांगली आहे की नाही हे आपलं आपल्याला ठरवता येईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्यातच आहेत. जुनी पोर्ट समोर आली की माणूस आधी तिचं वय मोजतो. वयावरून फार थोडं कळतं. ती कुठे म्हातारी झाली ते विचारा: काचेत की लाकडात? एका ठिकाणचा दोष तो दुसऱ्या ठिकाणचा गुण, असा हा प्रकार आहे. ग्लासातला तपकिरी रंग आणि नाकाला आलेला अक्रोडाचा वास एका बाटलीत दुखणं असतो आणि दुसरीत तेवढ्यासाठीच लोक पैसे मोजतात. तुमच्या बाटलीवर नुसतं १९७७ आहे, त्यामुळे ती दोन्हींपैकी कुठलीही असू शकते.

पोर्ट कशी होते ते चार वाक्यांत सांगतो, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. उत्तर पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यात, शिस्ट नावाच्या पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकात वाढलेली तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, तिंता रोरिझ अशा जातींची द्राक्षं तुडवतात. रस आंबायला लागून दोन-तीन दिवस झाले आणि निम्मी साखर उरली, की त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचंच स्पिरिट ओततात; ढोबळ प्रमाण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर, मिळून ५५० लिटरचं एक पिंप. यीस्ट जागच्या जागी मरतं, साखर तशीच राहते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतं. तुमची बाटली इतकी वर्षं तग धरून असेल तर ती या साखरेच्या, या अल्कोहोलच्या आणि सालीतून उतरलेल्या तुरट टॅनिनच्या जिवावर.

त्यानंतर वाटा फुटतात. उत्तम वर्षाची निवडक वाइन दोन वर्षं मोठ्या पिंपांत ठेवून, न गाळता, तिसरं वर्ष सरायच्या आत बाटलीत भरली तर ती व्हिंटेज. तिचं पुढचं सगळं आयुष्य काचेत जातं, हवा जवळजवळ बंद. त्याच वर्षाची वाइन चौथ्या ते सहाव्या वर्षात बाटलीत गेली तर ती लेट बॉटल्ड व्हिंटेज. आणि किमान सात वर्षं लाकडी पिंपात ठेवून मग भरली तर ती कोल्येता, म्हणजे एकाच वर्षाची टॉनी; टॉनी म्हणजे लाकडात मुरून तपकिरी झालेली पोर्ट. ही पिंपं मुद्दाम जुनी वापरतात. लाकडाची चव नको असते, फटींतून झिरपणारी हवा हवी असते. लेबलवर दहा, वीस, तीस, चाळीस वर्षं लिहिलेली टॉनी ही वेगवेगळ्या वर्षांची मिसळ असते. त्या आकड्याचा अर्थ सरासरी काढून पाहू नका, तेवढ्या वयाला शोभेल अशी चव आहे असं पोर्टवर देखरेख करणाऱ्या पोर्तुगीज संस्थेच्या चाखणाऱ्या मंडळाने मान्य केलेलं असतं, इतकाच.

आता हिशेब करा. १९७७ ची व्हिंटेज बाटलीत गेली असेल १९७९ च्या सुमाराला. लेट बॉटल्ड असेल तर १९८१ ते १९८३. कोल्येता असेल तर लवकरात लवकर १९८४-८५. सासऱ्यांनी बाटली घेतली १९८६ मध्ये, म्हणजे तिन्ही शक्यता उघड्याच. म्हणून लेबलचा उरलेला तुकडा भिंगाखाली धरा आणि दुसरा एखादा साल दिसतो का ते बघा. कोल्येता आणि लेट बॉटल्ड या दोघींवर बाटलीत भरल्याचं वर्षही लिहितात.

लेबलने दगा दिला तर बाटली बोलते. अंधारात जाऊन मानेखाली टॉर्च धरा. व्हिंटेजची काच बहुधा इतकी गडद असते की उजेड जेमतेम पार होतो, आणि काचेला आतून गाळाचा पापुद्रा चिकटलेला असतो. त्याला क्रस्ट म्हणतात. बाटली आडवी राहिली असेल तर तो एका बाजूच्या भिंतीला, तुमच्यासारखी उभी राहिली असेल तर तळाशी. कोल्येता गाळून भरलेली असते, तिच्यात गाळ नसल्यातच जमा आणि उजेडात ती चहाच्या रंगाची दिसते. बाटलीच्या एका अंगाला पांढऱ्या चुन्याचा फटकारा दिसला तर खूश व्हा. तळघरात व्हिंटेज आडवी ठेवताना वरची बाजू कुठली ते कळावं, म्हणजे हलवल्यावर पुन्हा तशीच ठेवता येईल, म्हणून तो मारायचे. बाटलीच्या तोंडावर गुंडाळलेल्या टोपणाखाली प्लॅस्टिकची किंवा लाकडी टोपी असलेलं, हाताने फिरवून निघणारं बुटकं बूच असेल तर ती व्हिंटेज नव्हेच. लांब, आत ठोकून बसवलेलं बूच असेल तर व्हिंटेजची शक्यता मोठी. पण काही कोल्येतांनाही तसंच बूच असतं, तेव्हा एकाच खुणेवर जाऊ नका.

उभी ठेवल्याची तुम्हाला जी चिंता वाटते तिचं उत्तरही इथेच दडलंय. कोल्येता असेल तर ती उभीच ठेवायची असते, सासऱ्यांनी बरोबर केलं. व्हिंटेज असेल तर बूच वाळून आक्रसलं असणार आणि थोडी हवा आत गेली असणार. किती गेली ते पातळीवरून कळतं. बाटली उभी असताना वाइन मानेच्या बुडापर्यंत असेल तर या वयाला उत्तम. खांद्याच्या वरच्या भागात असेल तरी काळजी नको. खांद्याच्या मध्यावर असेल तर जुगार. त्याहून खाली गेली असेल तर उघडा जरूर, पण पाहुणे बोलावून उघडू नका. बूच वर सरकलेलं असणं किंवा टोपणाखालून चिकट ओघळ येऊन वाळलेला असणं, ही उन्हाळ्याने बाटली तापल्याची खूण. पातळी ठीक असूनही अशी बाटली आतून शिजलेली निघू शकते.

उघडण्याआधी दोन दिवस तिला हात लावू नका. ती उभीच आहे, हे बरंच झालं. फक्त जिथे उघडणार त्या जागेवर अलगद नेऊन ठेवा. खोली गरम असेल तर शेवटचे काही तास थंड जागी. व्हिंटेज सोळा ते अठरा अंशांना, टॉनी बारा ते चौदा अंशांना चांगली लागते. त्याहून गरम प्याल तर नाकात आधी स्पिरिट घुसतं आणि बिचाऱ्या वाइनवर ठपका येतो.

बुचाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक रडारड इथेच होते. जुन्या पोर्टच्या बाटलीची मान आतून सरळ नसते, मध्ये किंचित फुगीर असते. लांब बूच वर्षानुवर्षं त्या फुगवट्यात पसरून बसतं. ओढताना रुंद भाग अरुंद तोंडातून बाहेर काढायचा असतो आणि तोवर खालच्या निम्म्याचा भुसा झालेला असतो. साधा कॉर्कस्क्रू मधूनच आरपार निघून येतो आणि हातात राहतो चिमूटभर चुरा. त्यासाठी दोन पात्यांचा बूचकाढा मिळतो. त्याची पाती बूच आणि काच यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी डुलवत डुलवत सरकवायची आणि मग फिरवत वर ओढायचं. ठोकायचं नाही, दाबायचं नाही. बूच आत पडायला एवढंसं निमित्त पुरतं. माझ्याकडून ते पडलंय, एकदा नाही. पडलं तर पडलं, वाइन बिघडत नाही, गाळून घ्यायची. पोर्तोसमोर, नदीपलीकडे असलेल्या गाया गावातल्या जुन्या लोकांकडे वेगळा इलाज आहे: लोखंडी सांडशी लालभडक तापवून बुचाच्या खाली मानेभोवती मिनिटभर धरायची, मग त्याच रेषेवर गार पाण्यात बुडवलेलं फडकं लावायचं. टक् असा आवाज होतो आणि मान बुचासकट सरळ रेषेत तुटून हातात येते. बघायला झकास आहे. घरी करायच्या भानगडीत पडू नका.

टोपण काढल्यावर बाटलीचं ओठ ओल्या फडक्याने नीट पुसा. त्या काळची टोपणं शिशाची असायची आणि खाली पांढरट थर साचतो, तो वाइनमध्ये जाऊ देऊ नये.

आता ओतणं. चौकोनी मलमलचा तुकडा घ्या, साबणाचा वास नसलेला, नुसत्या पाण्यात उकळून वाळवलेला. तो नरसाळ्यात, नरसाळं काचेच्या स्वच्छ सुरईत. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा टॉर्च. एका हाताने, न थांबता, बारीक धारेने ओतत राहायचं. मध्ये थांबून बाटली उभी केली की गाळ उसळतो आणि मग काही केल्या बसत नाही. मानेत आधी धुरासारखी रेघ दिसते, ती चालेल. त्यामागून काळे तुकडे येताना दिसले की थांबा. तळाला पाऊण वाटी राहील, राहू दे. कागदी गाळणी वापरू नका, तिचा स्वतःचा वास वाइनला लागतो. कोल्येता निघाली तर हे सगळं सोडा आणि थेट ग्लासात ओता.

ग्लास कुठला, यावर लोक तासन् तास बोलतात. आल्व्हारो सिझासारख्या वास्तुरचनाकाराने पोर्टसाठी खास ग्लास काढलाय, तो सुंदर आहे. पण पोटाला रुंद आणि तोंडाला निमुळता असा पांढऱ्या वाइनचा कुठलाही ग्लास चालतो. नखाएवढे जुने लिकरचे ग्लास तेवढे नकोत. त्यात नाक जात नाही. एक तृतीयांशाहून जास्त भरू नका.

आता मुख्य काम. मी स्वतः एक धडा कसा शिकलो ते आधी सांगतो. चाखायला लागून चार-पाच वर्षं झाली होती, आपल्याला कळतं असं वाटायचे दिवस. १९६६ ची एक व्हिंटेज उघडली, ग्लासात ओतली, नाक घातलं. जुन्या ट्रंकेचा वास. रंग फिका, तोंडात गोडसर पाणी आणि मागे जळजळ. 'गेली' असं मी सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि दुसरी बाटली आणायला सांगितली. सुरई टेबलाच्या टोकाला तशीच राहिली. दोनेक तासांनी आवराआवर करताना यजमानांनी सहज थोडी ओतून घेतली आणि काही न बोलता ग्लास माझ्यापुढे सरकवला. ट्रंक कुठच्या कुठे गेली होती. सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, आलुबुखार, बेदाणे, मागे जरासा ज्येष्ठमध. आणि तोंडात मघाशी नव्हता तो मऊ, लांब घोट. तीच वाइन, तीच सुरई. तेव्हापासून पहिल्या पंधरा मिनिटांत मी जुन्या व्हिंटेजबद्दल चांगलं-वाईट काहीही ठरवत नाही.

इतकी वर्षं हवेवाचून बंद राहिलेल्या वाइनला सुरुवातीला कोंदट वास येणं साहजिक आहे. तो हवेवर उडून जातो. उडत नाही तो वेगळा: ओला पुठ्ठा, कुबट गोणपाट, आणि वेळ जाईल तसा वाढत जाणारा. तो बुचाचा दोष, त्याला औषध नाही. म्हणून ओतल्याबरोबर एकदा, अर्ध्या तासाने, तासाने आणि दोन तासांनी असं चार वेळा हुंगा आणि प्रत्येक वेळी दोन शब्द कागदावर लिहा. वास कुठल्या दिशेने चाललाय ते बघायचंय. फुलत चालला असेल तर ती जिवंत आहे. पहिल्या दहा मिनिटांत छान आणि मग भराभर मावळत चालला असेल तर तिची अखेर जवळ आलीय, तेव्हा लगेच पिऊन घ्या. पन्नाशीच्या पुढच्या व्हिंटेजला याच भीतीने मी फार आधी सुरईत काढत नाही. तास-दीड तास पुरतो. तुमच्या १९७७ ला दोन-तीन तास द्या.

रंग बघायला ग्लास पांढऱ्या कागदावर आडवा कलता धरा, मध्य आणि कड वेगवेगळी बघा. तरुण व्हिंटेज शाईसारखी असते. वय वाढतं तसे रंगाचे आणि टॅनिनचे कण एकमेकांना धरून जड होतात आणि खाली बसतात. तुम्ही बाटलीत मागे ठेवलेला गाळ म्हणजे तरुणपणीचा रंगच. या वयाच्या चांगल्या व्हिंटेजचा मध्य अजून लालसर, माणकासारखा, आणि कड विटेच्या रंगाकडे झुकलेली असावी. मध्यापर्यंत सगळंच तपकिरी आणि गढूळ दिसलं तर बुचातून हवा गेली. पण बाटली कोल्येता असेल तर हाच तपकिरी रंग तिचा हक्काचा. तो मधासारखा स्वच्छ आणि चमकदार आहे का एवढं बघा. फार जुन्या टॉनीच्या कडेला हिरवट झाक येते, शेवाळी सोन्यासारखी. ती दिसली तर खुर्चीत नीट सरसावून बसा.

नाकाचं तसंच. व्हिंटेजमध्ये फळ शोधायचं. ताजं नव्हे, सुकलेलं. अंजीर, आलुबुखार, मनुका, चेरीचा मुरंबा, त्यावर फुलांचा, तंबाखूच्या पानाचा, चामड्याचा थर. टॉनीमध्ये हवेने घडवलेले वास शोधायचे: भाजलेला बदाम, अक्रोड, संत्र्याची वाळलेली साल, करपवलेली साखर. खूप जुन्या टॉनीत मेथीदाण्यासारखा, किंचित मसालेदार वास येतो आणि नवखा माणूस चक्रावतो. तो भास नसतो. मेथीला तिचा वास देणारं सोटोलॉन नावाचं संयुगच हवेत मुरणाऱ्या पोर्टमध्ये हळूहळू साठत जातं. व्हिंटेजमध्ये अक्रोड आणि मेथी पुढे आली आणि फळ मागे पडलं, तर मात्र जी हवा जायला नको होती ती गेलीय.

व्हिनेगरची धास्ती बहुतेकांना असते. इतक्या अल्कोहोलमध्ये व्हिनेगर करणारे जिवाणू तग धरत नाहीत, त्यामुळे न उघडलेल्या पोर्टचं सरळसरळ व्हिनेगर झालेलं मी पाहिलेलं नाही. नेलपॉलिशसारखा झणका मात्र येतो, विशेषतः जुन्या टॉनीत. पोर्तुगीज लोक त्याला लाडाने 'विनाग्रिन्यू' म्हणतात. जेमतेम असेल तर गोडव्याला धार आणतो आणि वास नाकापर्यंत उचलून नेतो. डोळ्यांत पाणी आणण्याइतका असेल तर दोष. मध्ये कुठे रेघ ओढायची हे ज्याने त्याने ठरवावं. माझी जरा उदार आहे.

आता घोट. लहान घ्या आणि लगेच गिळू नका, सगळ्या तोंडात फिरू द्या. गोडवा सगळ्यांनाच लागतो, त्यात परीक्षा काही नाही. त्या गोडव्याला आधार कशाचा आहे ते शोधायचं. कडेच्या दातांपाशी लाळ सुटते का? ती आंबटपणाची खूण. आंबटपणा नसेल तर गोडवा पाकासारखा जिभेवर पडून राहतो. हिरड्यांवर मऊ, बारीक तुरटपणा उरलाय का? व्हिंटेजमध्ये या वयाला तो मखमलीसारखा झालेला असावा, पण असावा. अजिबात नसेल आणि फळही नसेल, तर मधला सांगाडा कोसळून गोड आणि जाळ अशी दोनच टोकं राहतात. आम्हा चाखणाऱ्यांत अशा वाइनला 'स्पिरिट सुटलंय' म्हणतात. लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असूनही जुनी उत्तम व्हिंटेज गोड कमी आणि गोडसर जास्त वाटते. साखर कुठे जात नाही. बाकीच्या चवी तिच्या बरोबरीने उभ्या राहतात. टॉनीत उलट होतं: पिंपातून पाणी आणि अल्कोहोल उडत राहतं, म्हणून साखर आणि आंबटपणा दोन्ही दाट होत जातात. चांगल्या चाळीस वर्षांच्या टॉनीचा एक थेंब तोंडात अख्ख्या घोटाएवढा भरतो.

घोट गिळल्यावर घड्याळ बघायची जुनी पद्धत आहे: चव किती सेकंद राहिली. पोर्टमध्ये यात फसायला होतं, कारण अल्कोहोलची ऊब बराच वेळ घशात राहते आणि माणूस तिलाच चव समजतो. मी गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडतो आणि ऊब ओसरायची वाट बघतो. ती गेल्यावर मागे काय उरलं? काहीच नसेल, तर वाइन लांब नव्हती, नुसती गरम होती. फळ, अक्रोड, फूल, काहीही स्पष्ट उरलं असेल आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाने ते बदलत असेल, तर दर्जा तिथे आहे. माझ्या कागदावर सगळ्यात जास्त वजन या एका गोष्टीला असतं, रंगाला सगळ्यात कमी.

हे सगळं माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते गायातल्या एका लॉजमध्ये, म्हणजे पोर्ट मुरवायच्या कोठारात. तिथल्या तळघर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने एकाच वर्षाच्या द्राक्षांचे दोन ग्लास पुढे ठेवले, एक व्हिंटेज आणि एक कोल्येता, दोन्हींचा मळा एकच. एक गडद लाल, दुसरा मधाचा. एकात सुकलेलं जांभळं फळ आणि तंबाखू, दुसऱ्यात संत्र्याची साल आणि करपलेली साखर. मी अर्धा तास दोघांत साम्य शोधत होतो आणि शेवटी ते सापडलं आंबटपणात: दोघींची धार अगदी एकसारखी, जिभेवर त्याच जागी लागणारी. दोन घरी दत्तक गेलेल्या जुळ्या बहिणींचं नाक तेवढं सारखं असावं, तसं. म्हाताऱ्याला मी ते सांगितलं तर तो फक्त हसला आणि ग्लास विसळायला घेऊन गेला.

१९७७ बद्दल माझं मत विचाराल तर: व्हिंटेज म्हणून त्या वर्षाचं नाव फार मोठं झालं, पोर्ट बनवणाऱ्या बहुतेक बड्या घराण्यांनी ते व्हिंटेजचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि सुरुवातीला त्याला १९६३ सारख्या नावाजलेल्या वर्षाच्या शेजारी बसवलं. पुढे बाटल्याबाटल्यांत फरक पडत गेला. उत्तम निघाल्या त्या आजही ताठ आहेत, काही लवकर पातळ झाल्या. मला स्वतःला तेवढा गाजावाजा न झालेलं १९७० जास्त भरवशाचं वाटतं. पण तुमची बाटली सांभाळली कशी गेली, यावर वर्षापेक्षा जास्त अवलंबून आहे. त्यामुळे तिची दुसऱ्या कुणाच्या गुणांकनाशी तुलना करत बसू नका. तिच्या पातळीने आणि तुमच्या चार वेळच्या टिपणांनी जे सांगितलं तेच खरं धरा.

सोबत खायला काय, याचं उत्तर थोडक्यात: चाखताना काहीच नको, नंतर अक्रोड आणि एखादं निळ्या बुरशीचं चीज. चॉकलेटने जुन्या पोर्टचं काही भलं होत नाही, ते तरुण पोर्टसोबत ठेवा.

उरलीच तर व्हिंटेज दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवा. मी मुद्दाम एक घोट दुसऱ्या दिवशीसाठी ठेवतो, कारण रात्रभर हवेत राहून जी सावरलेली असते तिच्यात अजून बरंच आयुष्य शिल्लक होतं असं कळतं, आणि त्याच वर्षाची दुसरी बाटली घरात असेल तर ती उघडायची घाई करायची की नाही ते ठरतं. कोल्येता असेल तर बूच लावून फ्रिजमध्ये महिनाभर निवांत राहील. हवेची तिला आयुष्यभराची सवय आहे.

आणि बूच फेकू नका, तुकडे झाले तरी. व्हिंटेजच्या बुचावर घराण्याचं नाव आणि वर्ष जाळून उठवलेलं असतं. तुकडे जुळवून कागदावर ठेवा, वाळू द्या आणि त्यावर काय वाचता येतंय ते मला लिहा. त्या कागदावर तुमची चार टिपणंही असू द्या.